डोक्यावर फिरते ती टोपी नाही

दोन हजार बावीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि अख्ख्या भोपाळात माझ्या डोक्याला बसेल अशी एकही टोपी नव्हती.

ही बढाई नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उन्हात उघड्या डोक्याने फिरायचं नाही, चांगली रुंद कडेची टोपी घाला. मी बाजारातली दुकानं पालथी घातली. दुकानदार टोपी ठेवायचा, ती माझ्या टाळूवर चिमणीसारखी बसायची आणि तो म्हणायचा, "बाबूजी, फ्री साइज है." मी म्हणायचो, असेल, पण माझं डोकं फ्री नाही.

शेवटी ही म्हणाली, "शिवाजी नगरात एक बाई आहेत. गव्हाच्या काडाच्या टोप्या करतात, डोक्याचं माप घेऊन. मंडळाच्या गणपतीत भेटल्या होत्या. जरा विचित्र आहेत."

"किती विचित्र?"

"तुमचं जमेल," ही म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

बाग सेवनियातल्या आमच्या घरून बसने गेलो. सरकारी क्वार्टर, तळमजला, दाराला बेल नाही. कडी वाजवली. दार उघडलं ते एका लहानखुऱ्या म्हाताऱ्या बाईंनी. ऐंशीच्या पुढच्या, पाठ मात्र ओळंबा लावल्यासारखी सरळ. डोक्यावर एक जुनी, चहाच्या रंगाची टोपी, आणि ती इतकी मोठी की भुवया झाकलेल्या. मी नमस्कार केला. त्यांनी केला नाही. कमरेला खोचलेला दोरा काढला आणि म्हणाल्या, "वाका."

मी कारखान्यात मॅनेजरपुढे वाकलो नव्हतो. पण त्या आवाजात काहीतरी होतं. उज्जैनला मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर कवायत शिकवली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसता वाकलो.

दोरा माझ्या डोक्याभोवती फिरवून त्यांनी तो लाकडी फूटपट्टीला लावला. "साडेचोवीस," त्या म्हणाल्या. "बाप रे. या आत. पण या घरात उघड्या डोक्याने कोणी येत नाही." दाराच्या आत खुंट्यांची रांग होती, एकेका खुंटीला एकेक टोपी. त्यांनी सगळ्या पाहिल्या, मान हलवली, आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून भाजीचं टोपलं आणून माझ्या डोक्यावर पालथं घातलं. "तूर्त हे."

तर माझी आणि बाईंची पहिली बैठक ही अशी झाली. मी डोक्यावर टोपलं घालून सोफ्यावर, त्या समोर खुर्चीत. मधे चहा.

त्या चहाबद्दल सांगायला पाहिजे. ज्या भगोण्यात काड भिजायला टाकायचं, त्यातच चहा उकळायचा. त्यामुळे त्या घरातल्या चहाला ओल्या शेताचा वास यायचा. आपण चहा पितोय की टोपीचं पाणी, हे शेवटच्या घोटापर्यंत नक्की व्हायचं नाही. मी एकदा तसं म्हणालो. बाई म्हणाल्या, "पोटात गेल्यावर विचारा त्याला."

मी विचारलं, "टोपी किती दिवसांत मिळेल?"

"मिळत नसते. करतात."

"तुम्ही विकत नाही?"

"मी शिकवते. ज्याला टोपी हवी त्याने आपली आपण करायची. हाताने एक, मग शिलाई मशीनवर एक. मग मी बघणार."

"पंधरा दिवसांत करून दाखवतो," मी म्हणालो. "फिटर होतो. लोखंड वळवलंय, गवताचं काय घेऊन बसलात."

"लोखंड ऐकून घेतं," बाई म्हणाल्या. "काड नाही ऐकत."

बाईंचं नाव मला ठाऊक आहे. पण त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही, म्हणून मीही इथे त्यांचं नाव लिहीत नाही. फिट्टंफाट. त्यांना माणसं डोक्याच्या मापाने लक्षात राहायची. मी साडेचोवीस. दूधवाला बावीस. पोटचा मुलगा, सरकारी खात्यात चांगला मोठ्या जागेवरचा, तो "आमचे पावणेबावीस". रस्त्यात कोणी भेटलं आणि ओळख पटली नाही, की दोरा काढायच्या. सिग्नलला उभ्या असलेल्या पोलिसाला मी त्यांच्यासमोर वाकताना पाहिलंय. दोरा फिरवला, म्हणाल्या, "हां, तेवीस, तुम्ही ते," आणि तो बिचारा म्हणाला, "जी माताजी."

बोलण्याची त्यांची एक वाटणी होती. माणसांशी मराठी, काडाशी हिंदी आणि मशीनपुढे गप्प. काड भिजत घालताना पुटपुटायच्या, "चल बेटा, नरम हो जा, ऐसा क्या अकड़ना." मला वाटायचं हे मलाच.

एकदा एका मोठ्या साहेबांच्या मिसेस गाडीतून आल्या. फार्महाउसवर पार्टी होती, त्यांना काडाची टोपी पाहिजे होती, पैसे म्हणाल तेवढे. बाईंनी त्यांचं डोकं मोजलं, खुंटीवरची टोपी घातली आणि त्यांच्यापुढे काडाची पेंढी ठेवली. "जाड वेगळं, बारीक वेगळं. तेवढं करा, तोवर चहा टाकते." त्या बाईसाहेब खरंच निवडत बसल्या. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला, दुसऱ्या वेळी बाईंनी त्यालाही टोपी घातली. जाताना बाईसाहेब म्हणाल्या, फार शांत वाटलं. टोपी काही मिळाली नाही. त्या गेल्यावर बाई म्हणाल्या, "गाडीतून उतरलेलं डोकं असो की सायकलवरून, ऊन दोघांना तेवढंच."

ही विद्या त्या कुठे शिकल्या, हे मी नीट विचारून घेतलं. मला सांगितलं, इंदूरला एका जेलरच्या बायकोकडे. हिला सांगितलं, एका सर्कशीतल्या विदूषकाकडे. मुलाला लहानपणापासून सांगत आल्या होत्या की स्वप्नात दिसलं. मी फिटर माणूस, एका बोल्टला तीन नट लावून पाहिले, एकही बसला नाही. शेवटी नाद सोडला.

आता कामाचं. टोपीला काड लागतं ते गव्हाचं, पण हल्ली सगळीकडे हार्वेस्टर, तो काडाचा भुसा करून टाकतो. सीहोरच्या रस्त्याला एक शेतकरी होता, तो बाईंसाठी बांधालगतची एक पट्टी विळ्याने कापून ठेवायचा. एप्रिलात मी त्यांच्याबरोबर बसने गेलो. गव्हाच्या या काडाला आमच्या भुसावळकडे गव्हांडा म्हणतात. पेंढ्या डोक्यावर घेऊन आम्ही दोघं बसमध्ये चढलो तर कंडक्टर म्हणाला, "अम्मा, भैंस पीछे आ रही है क्या?" बाई म्हणाल्या, "नहीं बेटा, आगे बैठी है," आणि माझ्याकडे बोट केलं. सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

ओंबीच्या खालचा पहिला पेरा, तेवढाच कामाचा. तो कापायचा, कोमट पाण्यात भिजवायचा आणि सात काड्यांची वेणी घालायची. काडी संपत आली की दुसरी अशी सरकवायची की सांधा दिसू नये. ही वेणी वारच्या वार घालायची. मग तिची शिलाई. मधलं टाळूचं बटण हाताने करायचं, सुईने, कारण एवढं लहान वळण मशीनला घेता येत नाही. मग फेऱ्यावर फेरा, गोगलगाईसारखा. वेणी ताणून दिली की फेरा खाली वळतो, ढिली दिली की बाहेर पसरतो. एवढंच सगळं शास्त्र. सांगायला पाच मिनिटं.

मी घरी बाल्कनीत वेणी घालत बसलो की ही दारात उभी राहून बघायची. "दोन मुली वाढवल्या," ती म्हणायची. "एकीची तरी वेणी घातलीत का कधी?"

"त्यांचे केस काडासारखे नव्हते."

"नाही, तुमचे हात लोखंडासारखे होते."

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. हाताने शिवलेली पहिली टोपी झाली ती खोल आणि अरुंद. हिने ती उचलली आणि त्यात लसूण ठेवला. अजून ठेवते. दुसरी हिच्या पायाच्या मशीनवर शिवायला बसलो. ते मशीन तिच्या माहेरचं. "माझ्या मशीनवर गवत शिवणार?" म्हणून आधी भांडण झालं, मग तह झाला, की रोज पुसून ठेवायचं आणि सुई बदलायची. मशीनवर वेणी सुसाट पळाली. मला वाटलं वा, हे आपलं काम. उतरवून बघतो तर कड अशी वरखाली की जणू कांदाभजी. बाईंनी ती हातात घेतली आणि खुर्चीवर ठेवली. नंतर सरळ तिच्यावर बसल्या.

ही त्यांची परीक्षा. प्रत्येक टोपीवर त्या बसायच्या. वजन असेल चाळीसेक किलो, पण बसायच्या अशा की खुर्चीला सांगून. उठल्यावर टोपी आपोआप पूर्वीसारखी झाली तर पुढचं बघायचं, नाहीतर कात्री. शेवटचा टाका तोडून सगळी टोपी उसवायच्या आणि वेणीचं भेंडोळं तुमच्या हातात द्यायच्या. टोपी पास झाली तर आतल्या बाजूला मागच्या अंगाला लाल दोऱ्याचा एक टाका घालायच्या. तेवढाच. तो लाल दोरा भोपाळ-सीहोरात फक्त दोन टोप्यांना होता. एक त्या सीहोरच्या शेतकऱ्याच्या आणि दुसरा मीटर रीडरच्या. हा मीटर रीडर बिजलीचा आकडा घ्यायला आला होता, उघड्या डोक्याने आत आला म्हणून अडकला, आणि शिकून गेला. त्याला लाल दोरा आणि मला नाही. हे मला सहन होईना. मला तो दोरा पाहिजे होता. आता टोपीपेक्षाही पाहिजे होता.

आमच्या कॉलनीत संध्याकाळी बाकावर आम्ही रिटायर्ड लोक बसतो. त्यात एक ग्वाल्हेरचे हेडक्लार्क आहेत. मी कधीतरी जोशात त्यांना दोऱ्याचं सांगून बसलो होतो. त्यानंतर त्यांनी रामराम म्हणायचं सोडलं. माझ्याकडे बघून विचारायचे, "काय हो, दोरा आला का? की अभी बाकी है?"

"येईल."

"आराम से येऊ द्या. जल्दी काय आहे. अभी तो आप जवान हो."

तेव्हा मी ठरवलं, आता आपल्या पद्धतीने. ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो आणि शिसवी लाकडाचा एक फर्मा, म्हणजे डोक्याचा साचा, उतरवून घेतला. घेर बरोबर साडेचोवीस. सेंटर तंतोतंत, कुठे केसभर खोट नाही. त्या फर्म्यावर एकेक फेरा बसवून बघत टोपी शिवली. झाल्यावर टेबलावर ठेवली आणि लांबून पाहिली. सांगतो, एवढी गोल वस्तू मी कारखान्यातसुद्धा केली नव्हती.

सप्टेंबरात घेऊन गेलो. बाई तिच्यावर बसल्या. उठल्या. टोपी जशीच्या तशी वर आली. माझी छाती फुगली. त्या म्हणाल्या, "वाका." मी वाकलो. त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, दोन बोटांनी कड धरली आणि फिरवली. टोपी गरकन फिरली.

"जी डोक्यावर फिरते ती टोपी नाही, साडेचोवीस," बाई म्हणाल्या. "ते झाकण."

"माप बरोबर आहे."

"माप बरोबर आहे. डोकं चुकलंय. डोकं गोल नसतं. गोल असतं ते भगोणं."

"पुढे मागे जरा आवळतंय, बाजूला ढिली आहे, बस. कापूस घालतो."

"कात्री द्या."

मी टोपी उचलली. "ही उसवायची नाही," मी म्हणालो. "मी आयुष्यात एवढं अचूक काम केलं नाही, आणि तुम्ही म्हणता कात्री द्या."

"मग दोरा नाही."

"नको," मी म्हणालो आणि टोपी घालून निघालो. दारात खुंटीला डोकं लागलं आणि टोपी परत फिरली. मी मागे वळून बघितलं नाही.

दोन्ही बाजूंनी कापूस खुपसून मी ती टोपी घालत होतो. बाकावर, बाजारात, बँकेत. ही एकदा म्हणाली, "कानावरून कापूस आलाय, कोणाला वाटेल अत्तर लावलंय." मी म्हणालो, ऊन लागत नाही ना, झालं तर मग. ग्वाल्हेरवाले टोपी हातात घेऊन आतून चाचपायचे. "काम तर बढिया आहे. पण दोरा नाही दिसत कुठे."

शिवाजी नगरला मी गेलो नाही. दसरा झाला, दिवाळी झाली. मग एक दिवस ही मंडळातून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "तुमच्या बाई चालल्या. मुलगा या महिनाअखेर रिटायर होतोय, क्वार्टर सोडायचं, सगळे पुण्याला जाणार फ्लॅटमध्ये."

मी पेपर वाचत होतो. म्हणजे धरला होता.

"आता दोरा कोण देणार?" ही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेलाची कुपी आणि पान्हे खिशात घालून मी बाईंकडे गेलो. दारात टोपलं हातात घेऊन त्या उभ्याच, माझ्या डोक्यावरची टोपी त्यांना जणू दिसतच नव्हती. मी ती काढली, टोपलं घातलं. "तुमच्या मशीनचा पट्टा वाजत होता," मी म्हणालो. "जायच्या आधी बघून देतो."

"पट्टा वाजत होता ते सप्टेंबरात," बाई म्हणाल्या. "मशीन दुरुस्त करायला आलात की डोकं?"

"मशीन."

"बरं. चहा टाकते."

पट्टा बदलला, तेल घातलं. त्या मशीनपुढे गप्प असायच्या, म्हणून मीही गप्प. घरात खोकी लागलेली होती. खुंट्यांवरच्या टोप्या कमी झाल्या होत्या. निघताना त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या हातात दिली. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा उघड्या डोक्याने पाहिलं. पांढरे, बारीक केस, मधोमध भांग. त्यांनी लगेच पदर घेतला. "कडेचा फेरा सुटलाय," त्या म्हणाल्या. "मला आता सुईचं भोक दिसत नाही. दोन टाके घालून आणा. आणि हो, त्याच्यावर तुमची अक्कल चालवू नका. ती आमच्या यजमानांची आहे."

यजमान ओव्हरसियर होते, शेताशेतातून फिरायचे. बाईंनी केलेली पहिली टोपी त्यांच्यासाठी होती. ते गेल्यावर बाईंनी ती आत कागद घालून स्वतः घातली, ती तीच. एवढ्या लोकांची डोकी मोजणाऱ्या बाईंनी आपल्या मापाची टोपी केलीच नव्हती. विचारलं तर म्हणायच्या, "आपलं डोकं आपण मोजू नये."

घरी आणून मी टोपी उलटी केली. आत वर्तमानपत्राच्या घड्यांची एक पट्टी होती, कधीची कोण जाणे. तेलाने आणि घामाने ती कातड्यासारखी घट्ट झाली होती. अक्षर एक वाचता येत नव्हतं. पण मी बोट फिरवलं तेव्हा कळलं की ही नुसती पट्टी नाही. टोपी यजमानांची होती, पण कागदाचा आतला आकार बाईंच्या डोक्याचा होता. पुढून निमुळता, मागे फुगीर, डावीकडे जरा सपाट. गोल तो कुठेच नव्हता.

मी बराच वेळ बघत बसलो. मग सोल्डरची मऊ तार काढली. फिटर लोक अडनिड्या जागेचा आकार घ्यायला ती वापरतात, जशी वाकवाल तशी राहते. ती कागदाच्या आतून दाबून दाबून बसवली आणि हळूच उचलली. टेबलावर बाईंचं डोकं उभं राहिलं, तारेचं.

काड थोडंच उरलं होतं. फर्मा कपाटाखाली सारला. या वेळी एकेक फेरा शिवायचा, तारेवर ठेवायचा, जिथे फुगायला हवं तिथे वेणी ढिली द्यायची, जिथे सपाट तिथे ओढून धरायची. बटण हाताने केलं आणि चार फेरे सुईनेच घातले, मग मशीनवर चढवली. पाय हळू मारत होतो. एका जागी डावीकडे तीनदा उसवलं. ही मशीनजवळ येऊन उभी राहिली.

"कोणाची?"

"त्यांची."

"त्यांनी सांगितली?"

"नाही."

तिने नवी सुई आपल्या हाताने लावून दिली.

बाईंच्या जाण्याच्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तर दारात टेम्पो उभा. मुलगा आणि हमाल मशीन उचलत होते. बाई एकट्या एका लोखंडी पेटीवर बसलेल्या, डोक्यावर पदर घट्ट धरून. खुंट्या रिकाम्या. टोपलंही बांधलं गेलं असणार, कारण मी टोपी काढली तरी त्यांनी काही दिलं नाही. त्या घरात मी प्रथमच उघड्या डोक्याने उभा होतो.

"दोन टाक्यांना एवढे दिवस?" त्या म्हणाल्या. "मी पदर धरून धरून हात दुखवला."

मी यजमानांची टोपी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मग मी दुसरी पिशवीतून काढली.

"ही कोणाची?"

"बघा."

बाई उठल्या. नवी टोपी पेटीवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. नेहमीसारख्या, सांगून. हमाल बघत राहिला. त्या उठल्या तशी टोपी हळूहळू श्वास घेतल्यासारखी वर आली. त्यांनी ती उलटी करून डोळ्यांजवळ नेली, बटण पाहिलं.

"मशीनवर कितव्या फेऱ्याला चढवलीत?"

"पाचव्या."

"हां." मग त्यांनी पदर सोडला आणि टोपी डोक्यावर ठेवली. भुवया दिसल्या. बाईंना भुवया आहेत हे मला नीट कळलं ते तेव्हा. त्यांनी दोन बोटांनी कड धरली आणि फिरवायला गेल्या. टोपी फिरली नाही. परत जोर लावला. टोपीबरोबर डोकंच वळलं.

"माझं माप कोणी दिलं?"

"कागदाने."

टेम्पोत मशीन चढत होतं, मुलगा ओरडत होता, "संभाल के, पाया टूट जाएगा." मग बाईंनी हँडबॅगेतून एक डबी काढली. सुई आणि लाल दोरा. "ओवा," त्या म्हणाल्या. माझ्या नव्या डोळ्याने मी एका फटक्यात ओवला. त्यांनी टोपी काढून मांडीवर उलटी घेतली आणि मागच्या अंगाला एक टाका घातला. टाका जरा तिरपा आला. गाठ मारून दोरा दातांनी तोडला.

"डावीकडे सपाट आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते. कोणाला माहीत नव्हतं."

"मला काय माहीत. तार म्हणाली तसं केलं."

मग त्यांनी यजमानांच्या टोपीतला तो कागद ओढून काढला. टोपी अलगद एका पिशवीत ठेवली. माझी गोल टोपी माझ्या हातातून घेतली, आतला कापूस उपटून फेकला, त्या कागदाचे दोन तुकडे करून दोन्ही बाजूंना दाबून बसवला आणि ती माझ्या डोक्यावर ठेवली. "कापूस घाम धरतो," त्या म्हणाल्या. "झाकणाला कागद बरा."

मी काही बोलणार तोवर मुलगा आला. "आई, चल. गाडी चुकेल."

"चला पावणेबावीस," बाई म्हणाल्या आणि नवी टोपी घालून निघाल्या. टेम्पोमागे उभ्या टॅक्सीत बसताना त्यांची टोपी दाराला घासली, पण जागची हलली नाही. मी ते पाहिलं. त्यांनीही पाहिलं असणार, कारण काच खाली करून त्या म्हणाल्या, "अहो साडेचोवीस, उन्हात उभे राहू नका." मग टॅक्सी निघाली.

संध्याकाळी बाकावर ग्वाल्हेरवाले सरकून बसले. "काय हो, दोरा आला का?"

"आला."

"अरे वा. दाखवा."

"पुण्याला गेला."

ते एवढे हसले की बाजूचा कुत्रा उठून गेला. "भाईसाब," ते म्हणाले, "दोरा आला आणि पुण्याला गेला. बढिया." मी पण हसलो. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, आणि का कोण जाणे, दाखवायची खाजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी सोल्डरची तार घेऊन हिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, माझ्या डोक्यावर दाबून बसव, वाकवत जा. तिने चष्मा लावला, बोटांनी तार दाबत दाबत मागे आली आणि थांबली. "इथे मागे खड्डा आहे तुमच्या डोक्याला," ती म्हणाली. "मला लग्नापासून माहीत आहे." मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही ऐकलं असतंत?" मी तार उचलून खिडकीत ठेवली. गोल टोपीतले कागदाचे तुकडे काढून तारेशेजारी ठेवले. मग बाल्कनीत जाऊन बसलो, कात्रीचं टोक शेवटच्या टाक्याखाली घातलं आणि कडेपासून बटणापर्यंत ती सगळी टोपी उसवून वेणी बादलीत भिजत टाकली.